गोठा एका रात्रीत उभा राहत नाही

दर वर्षी 23 डिसेंबरच्या संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतोच. "काकू, घरी गोठा करायचाय. काय काय आणू?" गोठा म्हणजे नाताळला घरी मांडायचा येशूजन्माचा देखावा. त्या दिवशी काय आणणार? प्लायवूडचं तयार घर, प्लास्टिकचं गवत आणि लुकलुकणारी माळ. दुकानदार खूश, पोरं अर्धा तास खूश, आणि 26 तारखेपासून त्या गोठ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

गोठा हे सहा आठवड्यांचं काम आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी त्याला हात लागतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला तो आवरतो. मधे नाताळ येतो, वर्ष बदलतं, तीन राजे पोचतात. तेवढे दिवस त्यात काही ना काही हलत राहिलं पाहिजे, नाहीतर ती नुसती शोभा. आमच्या वसईत आळीआळीत मोठे गोठे होतात, पाणी वाहतं, चक्क्या फिरतात, स्पर्धा लागतात, पोरं रात्र रात्र जागतात. ते बघायला जरूर या. मी सांगतेय तो दोन खोल्यांच्या घरात मावणारा, घरच्यांनीच करायचा गोठा.

आणि हो, हे फक्त ख्रिस्ती घरांसाठी नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा दर दिवाळीला जिन्याखाली किल्ला करतो. गोठ्याच्या कामात माझा उजवा हात तोच. किल्ला केलेल्या पोराला गोठा शिकवावा लागत नाही. तीच माती, तेच गोणपाट, तेच अळीव. फक्त राजा इथे गादीवर बसत नाही, पेंढ्यात निजतो.

जागा आणि पाट

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशी फक्त जागा ठरवायची. टीव्हीच्या डोक्यावर नको, पंख्याखाली नको, दाराच्या मागे तर मुळीच नको. उंची घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या छातीइतकी धरा. मोठ्यांना वाकावं लागलं तर बिघडत नाही, वाकलेलं बरंच. जवळ प्लगपॉइंट असावा, म्हणजे वायर पायात येत नाही.

तीन फूट बाय दोन फुटांचं प्लाय किंवा जुन्या कपाटाचं दार पुरे. त्याच्यावर जाड प्लास्टिक अंथरा, कारण पुढे पाणी घालायचंय. नंतर आठवडाभर तो पाट तसाच रिकामा राहू दे. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय?" पोरं सांगतात. आगमनकाळ म्हणजे वाट बघणं, असं फादर दर वर्षी प्रवचनात सांगतात. घरात रिकामा पाट दिसला की पोरांना ते प्रवचनाशिवाय कळतं.

डोंगर

डोंगराचे दोन प्रकार. अंगण किंवा गच्ची असेल तर गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकायचं, वाळलं की डोंगर तयार. फ्लॅटमध्ये हा राडा नको. खाकी कागद घ्या, जाडसर, वह्यांना कव्हर घालायचा. तो हाताने नीट चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा. चार-पाच वेळा केलं की कागदाचा ताठा जातो आणि कापडासारखा पडतो. खाली रिकामे खोके, बिसलरीच्या बाटल्या, जुन्या चपलांचे डबे रचून त्यावर कागद पसरायचा आणि खळीने चिकटवायचा.

खळ घरीच करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, मग मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. चिमूटभर मोरचूद टाकलं तर झुरळं येत नाहीत, पण ते विष आहे. त्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळी काठी ठेवा आणि ते काम मोठ्यांनीच करा. गार झालेली खळ ब्रशने कागदाला दोन्ही बाजूंनी लावली की वाळल्यावर डोंगर पुठ्ठ्यासारखा कडक होतो. त्यावर गेरू, मग कोरड्या ब्रशने थोडा पांढरा, कपारीत थोडा काळा. पोस्टर कलर चालतो. हिरवा रंग लावू नका, हिरवं आपण खरं उगवणार आहोत.

कापसाचा बर्फ मात्र मी आमच्या घरात होऊ देत नाही. बेथलेहेम डोंगराळ भागात आहे, हिवाळ्यात तिथे बोचरी थंडी पडते, एखाद्या वर्षी बर्फही पडतो. तरी आपल्याकडच्या गोठ्यांवर जो बर्फ असतो तो तिथला नसतो, युरोपातल्या भेटकार्डांवरचा असतो. शिवाय कापूस आणि दिव्याची वायर शेजारी शेजारी, म्हणजे आगीला आमंत्रण.

झोपडी की गुहा

दोन्ही बरोबर. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. झोपडीचा उल्लेख नाही, गुहेचाही नाही. बेथलेहेमात जे ठिकाण जन्मस्थान म्हणून मानलं जातं ती गुहा आहे आणि तिच्यावर चौथ्या शतकापासून चर्च उभं आहे. तेव्हा ज्याला जे जमेल ते त्याने करावं.

मी झोपडी करते, कारण मला कुडाची घरं आठवतात. कारवीच्या काड्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर खराट्याच्या काड्या. त्या एकमेकींना सुतळीने गाठी मारत भिंत विणायची, वरून शेणमातीच्या रंगाचा हात द्यायचा. छपराला पेंढा. भातकापणी नुकतीच झालेली असते, तबेल्यात मागितलं तर एक पेंडी सहज मिळते. शहरात फळवाल्याकडे जा, पेट्यांतला पेंढा तो टाकूनच देतो. पेंढ्याच्या छोट्या जुड्या बांधायच्या आणि खालून वर लावत न्यायच्या, म्हणजे वरच्या जुडीने खालचीची गाठ झाकली जाते. खरं छप्पर असंच शाकारतात.

झोपडीची उंची उभ्या मूर्तीच्या दीडपट हवी. सहा इंचाचा योसेफ, म्हणजे मरियेचा नवरा, असेल तर नऊ-दहा इंचांची झोपडी. त्याहून मोठी केली की माणसं हरवल्यासारखी दिसतात.

गव्हाण स्वतंत्र करा आणि ती अगदी मधोमध नको, किंचित बाजूला. ती रिकामी ठेवायची. शेजारी वाटीत पेंढ्याच्या बोटभर काड्या. दिवसभरात कुणी काही चांगलं केलं, म्हणजे भावाला चिमटा काढायचा राहिला किंवा आजीचा चष्मा न सांगता शोधून दिला, की एक काडी गव्हाणीत. फादरांनी शिकवलेली ही जुनीच रीत. माझ्या नातवाने पहिल्याच दिवशी मूठभर काड्या घातल्या. विचारलं तर म्हणाला, "ॲडव्हान्स." मी काढल्या नाहीत.

हिरवळ

हे काम तारखांवर चालतं, म्हणून तारखा सांगते. गहू पेरायचा 13 डिसेंबरला. ही संत लुसियाची तारीख. हंगेरीत आणि क्रोएशियात याच दिवशी ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत तो वीतभर होतो. आपल्याकडे ऊब जास्त, त्यामुळे काही वेळा आधीच वाढून लोळायला लागतो. तसं वाटलं तर दोन दिवस उशिरा पेरा. गहू रात्रभर भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, मोड आले की करवंटीत माती भरून दाटीवाटीने पसरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या. करवंटीला खाली भोक पाडायला विसरू नका. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. पहिले दोन दिवस अंधारात, मग खिडकीत.

नाचणीचं गवत अधिक बारीक येतं, जवळून बघितलं तर खऱ्या कुरणासारखं दिसतं. त्यालाही तेवढेच दिवस द्या. अळीव 17-18 तारखेला. ते भिजवायचे नाहीत. चिकट होतात आणि गोळा बनतो. ओल्या मातीवर किंवा थेट डोंगराच्या कपारीत ओला कापूस दाबून त्यावर भुरभुरवायचे. दोन-तीन दिवसांत कोंब, आठवड्यात इंचभर हिरवं. (हो, कापूस. पण मातीखाली दबलेला आणि ओला, बर्फ म्हणून नव्हे.)

23 तारखेला या करवंट्या डोंगराच्या खोबणीत बसवा आणि कडा खाकी कागदाने झाका. पोरांना इथे आवरावं लागतं, सगळ्यांना सगळीकडे हिरवं हवं असतं. निम्मा डोंगर उघडा सोडा. मेंढपाळ चारा शोधत हिंडतात तो उघड्या माळरानावरच.

मूर्ती

संच विकत घ्यायचा तर चर्चच्या आवारात डिसेंबरमध्ये लागणारे स्टॉल आधी बघा, नाहीतर वांद्र्याचा हिल रोड आहेच. मातीच्या मूर्ती जड असतात पण दुरुस्त होतात. प्लास्टरच्या हलक्या, पण टवके उडतात. टवका उडाला तर खडूची पूड आणि फेव्हिकॉल कालवून भरायचं, वाळल्यावर पॉलिशपेपर, मग रंग. फायबरच्या मूर्तींना काही होत नाही आणि त्यांच्याबद्दल काही सांगण्यासारखंही नसतं.

सगळा संच एकाच मापाचा हवा असा हट्ट धरू नका. लहान मूर्ती मागे डोंगरावर, मोठ्या पुढे. लांबीचा भास आपोआप येतो. आमच्याकडे मेंढपाळ कमी पडले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून किल्ल्यातले दोन मावळे आले. भाल्याचं टोक त्या मुलाने स्वतः कटरने कापलं, दांडा ठेवला, झाली मेंढपाळाची काठी. एकाची मिशी अशी काही पिळदार आहे की बाकीचे सगळे इटालियन दिसणारे मेंढपाळ त्याच्यापुढे फिके पडतात. आता दिवाळी संपली की ते दोघे सरळ माझ्या घरी येतात आणि पुढच्या दिवाळीआधी परत जातात. भाला मात्र गेला तो गेलाच.

बैल आणि गाढव हवेतच. शुभवर्तमानांत ते नाहीत, हे मला माहीत आहे. ते आले बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे म्हटलंय की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखतं. 1223 साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री गव्हाण मांडली तेव्हा मूर्ती नव्हत्याच. पेंढा होता, जिवंत बैल होता, जिवंत गाढव होतं, आणि त्या गव्हाणीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली. हातात मेणबत्त्या आणि मशाली घेऊन गावकरी डोंगर चढून आले होते. गोठ्याची आपली सगळी रीत त्या रात्रीपासून धरतात. त्यामुळे कुणी म्हणालं की मूर्तींना पैसे नाहीत, तर मी सांगते, बैल आणि गाढव आणा, गव्हाण करा, बस्स. संत फ्रान्सिसांनीही एवढ्यावरच भागवलं.

योसेफाला कोपऱ्यात उभा करू नका. बहुतेक घरांत तो खांबाशेजारी, हातात कंदील, जणू रखवालदार. त्याला बाळाच्या आईच्या, मरियेच्या, जवळ आणा.

चांदणी

बाजारची कागदी चांदणी घडी उघडली की तयार होते आणि दहिवराने दोन रात्रींत मऊ पडते. बांबूची घरी बांधा. सांगाडा चार-पाच वर्षं सहज टिकतो, दर वर्षी फक्त कागद बदलायचा.

दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या, बोटाइतक्या रुंद, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचांवर पेन्सिलने खूण करा. आता पाच कामट्यांचा एक तारा. हात न उचलता कागदावर पाच टोकांचा तारा काढतो ना, त्याच क्रमाने कामट्या मांडायच्या: एक खालून, एक वरून. टोकं जुळली की आतल्या खुणाही एकमेकींवर बरोबर येतात. न आल्या तर टोकं सरकवा, कामटी वाकवू नका. पाच टोकं आणि आतले पाच छेद दोऱ्याने घट्ट बांधा, गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब. तसाच दुसरा तारा.

मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं बांधून टाका. आतल्या पाच छेदांत सहा-सहा इंचांच्या आडव्या काड्या घालायच्या, की मधला भाग फुगतो आणि चपटा तारा अंग धरतो. ही पाचवी काडी बसवताना बोटाला ताण लागतो आणि सगळं आता मोडणार असं वाटतं. मोडत नाही. बांबू वाकतो.

कागद पतंगाचा, पांढरा किंवा पिवळा. समोरचा आणि मागचा तारा, शिवाय कडेचे दहा त्रिकोण. त्यातला खालचा एक त्रिकोण उघडा ठेवा, तिथून बल्ब आत जातो. बल्ब एलईडीच हवा, पाच वॅट खूप झाले. जुन्या पिवळ्या बल्बने कागद तापतो. बाल्कनीत टांगताना दोन ठिकाणी दोरी बांधा, नाहीतर वाऱ्याने रात्रभर गरगर फिरते.

आत गोठ्यालाही एकच दिवा, झोपडीच्या आत, गव्हाणीच्या मागे लपवलेला, मंद. लुकलुकणाऱ्या माळा झाडावर घाला, खिडकीवर घाला, हवं तर स्वतःच्या गळ्यात घाला, पण गोठ्यात नको. तान्ह्या बाळाच्या खोलीत कुणी दिवे उघडझाप करतं का?

24 ची रात्र

फराळात मी इथे शिरत नाही, नाहीतर नेवऱ्या आणि फुगे यातच पानं भरतील. नगर-पुण्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-चकल्या होतात, आमच्याकडे किनारपट्टीचं वेगळं. ते पुन्हा कधीतरी.

बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत कपाटात. पोरं मागे लागतात, देऊ नका. रात्रीच्या मिस्सेहून घरी आलं की दिवे मालवायचे, फक्त चांदणी चालू, आणि घरातल्या सगळ्यात लहानाने बाळ गव्हाणीत ठेवायचं. लहान मूल नसेल तर सगळ्यात वयस्कराने. एक गाणं म्हणायचं, सुरात असलंच पाहिजे असं नाही. मग केक. यात जास्त विधी घुसडू नका, पोरं पेंगत असतात.

वर्ष बदलतं तेव्हा

इथपर्यंत सगळेच करतात. पुढचे दोन आठवडे बहुतेक घरांत वाया जातात, आणि माझ्या मते गोठ्याची खरी गंमत तिथेच आहे.

तीन राजे अजून गोठ्यात नकोत. मत्तयच्या शुभवर्तमानात ते तीन होते असं म्हटलेलं नाही, राजे होते असंही नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, एवढंच. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन धरली. ते पोचले तेव्हा बाळ 'घरात' होतं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे उशिरा पोचले. तर 25 तारखेला त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आमचे फ्रिजवरून निघतात. रोज थोडं पुढे: मिक्सरमागे, पाण्याच्या पिंपावर, पुस्तकांच्या फळीवर, शोकेसमध्ये. कुणी हलवायचं, ते दिवसागणिक ठरवा. सकाळी उठल्यावर पोरं आधी "राजे कुठे पोचले?" ते बघतात. उंट एकदा चहाच्या डब्याशेजारी दोन दिवस अडकला, कारण ज्याची पाळी होती तो मामाकडे गेला होता.

28 तारखेला निष्पाप बालकांचा सण. हेरोद राजाने बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारवली, त्याची आठवण. त्या दिवशी मी गोठ्यातला दिवा लावत नाही, फक्त एक मेणबत्ती. लहानांना सगळं सांगायची गरज नसते, पण मोठ्या पोरांना सांगा. बातम्या ती बघतातच.

31 तारखेला गल्लीत म्हातारा उभा राहतो. जुनी पँट, जुना शर्ट, पोटात पेंढा, डोक्यावर हॅट, आणि पोरं रस्ता अडवून त्याच्या नावाने पैसे मागतात. बारा वाजता सरलेल्या वर्षाबरोबर त्याला जाळायचं. पैसे द्या, पण पोटात फटाके आणि टायर भरले नाहीत ना, ते विचारून घ्या. गोठ्यातला पेंढा मात्र म्हाताऱ्यासाठी देऊ नका.

चर्चमध्ये त्या रात्री आभाराची मिस्सा असते. त्याआधी, संध्याकाळी, आमच्याकडे गोठ्यापुढे वही निघते. ही वही सासूबाईंनी सुरू केली, साधी शंभर पानी, गोठ्याच्या पेटीतच राहते. वर्षाला एक पान. त्यांच्या हातची पानं पेन्सिलीने, शुद्धलेखनाकडे साफ दुर्लक्ष: 'योसेफचा हात तुटला चिकटवला.' 'बैल नवा आनला शिंगं फार मोठी.' त्याच पानावर खाली: 'धाकटीला मुलगी झाली.' 2004 च्या पानावर त्सुनामी आहे, 26 तारखेची. 2020 चं पान माझ्या हातचं: 'रात्री अकरानंतर संचारबंदी. मिस्सा मोबाइलवर. बाळ नऊलाच ठेवलं. राजे फ्रिजवरून हललेच नाहीत, कुणाला आठवण नाही.' आणि त्याच्या पुढच्या पानाच्या वर एकच ओळ: 'या वर्षी बाबा नाहीत. चांदणी मी बांधली.'

ही वही तुम्हीही ठेवा. लिहायची पद्धत सोपी. वर साल. मग घरात या वर्षी कोण आलं: जन्मलं, लग्न होऊन आलं, भाड्याने शेजारी आलं. कोण गेलं. कुणाशी बोलणं बंद आहे. कुणाचे पैसे किंवा उपकार द्यायचे आहेत. नुसती नावं, कारणं नकोत; कारणं लिहायला बसलं की भांडण पुन्हा ताजं होतं. लिहून झालं की मागच्या वर्षीचं पान मोठ्याने वाचायचं. 'बोलणं बंद' या रकान्यातलं नाव दुसऱ्या वर्षीही तिथेच निघालं, तर ते वाचताना घरात जरा खाकरणं-बिकरणं होतं. एकदा त्यातूनच रात्री पावणेबाराला आमच्याकडून एक फोन गेला. पलीकडून आधी उचलला गेला नाही. मग उचलला गेला. काय बोलणं झालं ते वहीत नाही.

संकल्प आम्ही लिहीत नाही. 1 जानेवारी हा नाताळचा आठवा दिवस. आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं, असं लूकने लिहिलंय. चर्चमध्ये त्या दिवशी देवमाता मरियेचा सण असतो आणि 1968 पासून तो जागतिक शांतिदिनही आहे. बाहेर सगळे फटाके लावून नव्या वर्षाला हुकूम सोडत असतात, वजन कमी होऊ दे, प्रमोशन मिळू दे. इकडे गोठ्यात बघितलं तर आठ दिवसांचं बाळ आणि ओली बाळंतीण. आठ दिवसांच्या बाळाकडून कुणी काय अपेक्षा करतं? दूध पाजायचं, ऊब द्यायची, रात्री उठायचं. मला नवं वर्ष तेवढंच वाटतं, आणि म्हणून त्या सकाळी मी फक्त एक काम ठरवते, तेही त्याच दिवशी होण्यासारखं. मागच्या खेपेला मोरीचा गळका नळ होता. प्लंबर आला नाही, पण फोन तरी केला.

राजे पोचले की

राजांचा सण 6 जानेवारीचा, पण भारतात बहुतेक ठिकाणी तो जवळच्या रविवारी साजरा होतो. त्या सकाळी राजे गोठ्यात येतात. मेंढपाळांना थोडं मागे सरकवून जागा करायची, बाहेर काढायचं नाही. एक राजा गुडघ्यावर बसलेला असतो, त्याला सगळ्यात पुढे ठेवा, नाहीतर मागच्यांच्या आड जातो. गहू एव्हाना पिवळा पडायला लागतो. कात्रीने वरून छाटा, आणखी आठवडा निघतो.

आवरायचं प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, बहुधा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. काही घरांत 2 फेब्रुवारीपर्यंत ठेवतात, तीही जुनी रीत आहे, पण फ्लॅटमध्ये तोवर करवंट्यांना वास येतो. गहू आणि पेंढा तबेल्यात द्या. खळ लागलेला पेंढा तेवढा वेगळा काढा, मोरचुदामुळे गुरांना बाधेल. अळिवाचा कापूस कचऱ्यात. मूर्ती एकेक करून मऊ सुती कपड्यात गुंडाळा, वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या रंगाला लागते. बाळ वेगळ्या डबीत, डबीवर नाव लिहून. नाहीतर पुढच्या 24 तारखेला घरभर शोधाशोध. डांबरगोळ्या दोन. वही सगळ्यात वर.

डोंगराचा कागद फेकू नका, घडी न घालता सैलसर गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी गेरूचा एक हात दिला की पुन्हा उभा राहतो. चांदणीचा फाटका कागद ओल्या फडक्याने सोडवून घ्या आणि सांगाडा माळ्यावर आडवा ठेवू नका, खिळ्याला टांगा. आडवा ठेवला की त्याच्यावर सुटकेस चढते. दोन-चार दिवसांत तिसऱ्या मजल्यावरून तिळगूळ येतो. तो घेऊन आलेल्या मुलाला मावळे परत हवेत का विचारून घ्यायचं, नको म्हणाला तर तेही पेटीत.